नवरदेवाच्या सोफ्यावरची चौकशी

अटाळी, आंबिवली
५ मे २०२५

नाथाशेठ केणे यांना तानाजी तरे याचा नमस्कार.

नावावरून ओळख पटणार नाही, म्हणून सांगतो. गेल्या शुक्रवारी भर दुपारी मानपाडा रोडवरून ज्या माणसाला उचलून तुम्ही टेम्पोत घातलंत, तो मी. डोक्याला बांधलेला तुमचा फेटा तसाच माझ्याबरोबर घरी आला. आमच्या मंडळींनी, म्हणजे कलावतीने, तो दोनदा धुतला. रक्ताचा डाग गेला, पण जरीची चमकही थोडी गेली. सोबतच्या पार्सलमधून परत पाठवतो आहे. फेट्याच्या आतल्या बाजूला तुमच्या मंडप डेकोरेटर्सचा शिक्का होता, त्यावरून पत्ता मिळाला.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. माझी सगळी नोकरी टपालखात्यात गेली. फोनवर आभार मानले की समोरचा “अहो त्यात काय” म्हणतो आणि विषय संपतो. पत्रात त्याला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तर आभार. शुगरची गोळी घेतली होती आणि नाश्ता राहून गेला होता. तुमच्या भागात एका ओळखीच्याचं घर शोधत हिंडत होतो, ऊन लागलं, आणि पुढचं मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ तसेच पडून राहिला असतात तर आम्ही काही बोलायला उरलो नसतो. त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं असावं.

आता तक्रार. हॉस्पिटलच्या काउंटरवर “पेशंट तुमचा कोण” असं विचारल्यावर तुम्ही “आमचे व्याही” असं ठोकून दिलंत. नर्सबाईंनी घरी फोन करून तेच सांगितलं. कलावतीने माझी तब्येत विचारण्याआधी विचारलं, “कुठले व्याही? आमच्या घरात अजून कुणाचं लग्न जमलं नाय!” मला टाके घालत होते तेव्हाही ती माझ्या जखमेकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होती. अजून बघते आहे.

दुसरं असं की, डोक्याला मार लागल्यामुळे त्या दिवशीचं काय काय आठवतं ते तपासून बघायला डॉक्टरांनी सांगितलंय. टेम्पोत तुम्ही सारखे बोलत होतात एवढं पक्कं आठवतं. काय बोलत होतात ते तुटक आठवतं. पोह्यांचं काहीतरी होतं. एका मुलीचं होतं. इस्त्रीवाल्याला काहीतरी पढवून ठेवलंय, असंही होतं. वेळ झाला तर जरा सविस्तर लिहा. केवळ औषधोपचाराचा भाग म्हणून.

तुमच्या फेट्यात डोकं शाबूत राहिलेला,
तानाजी तरे


मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)
९ मे २०२५

तानाजीराव, रामराम.

फेटा पोचला. जरीचं मनाला लावून घेऊ नका. लग्नात फेट्याकडे कोण बघतंय? सगळे जेवणाची लाइन कुठून सुरू होते ते बघतात.

व्याह्याचं सांगतो. काउंटरवर “रस्त्यात सापडले” म्हटलं असतं तर तुमच्या आधी माझीच तपासणी झाली असती. भाऊ म्हटलं तर आडनाव विचारतात. व्याही म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, उलट खुर्ची देतात. मी हे मंडपात शिकलेलो. वहिनींना माझ्यातर्फे हात जोडा.

आता औषधोपचार. सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे गाळलेल्या जागा भरतील.

आम्ही टेम्पो घेऊन निघालेलो, मागे एका लग्नाचं सामान. गर्दी दिसली. मध्ये तुम्ही आडवे, डोक्यातून रक्त, अंगाला दरदरून घाम. भोवती पंचवीसेक माणसं आणि तेवढेच मोबाइल. एक म्हणतो, “पिऊन पडलाय.” दुसरा म्हणतो, “हात नका लावू, पोलीस केस होईल.” तिसऱ्याने कुठून तरी कांदा आणलेला. चौथ्याने तुमचीच चप्पल काढून तुमच्याच नाकाला लावलेली. मी म्हटलं, “अरे, त्याला फीट नाय आली, आणि आली असती तरी ही चप्पल हुंगून माणूस उठेल की कायमचा जाईल?” केमिस्ट धावत बाहेर आला, बोटाला सुई टोचून बघितलं, म्हणाला, “शुगर उतरलीय. थोडी शुद्ध आहे तोवर गोड द्या, हॉस्पिटल गाठा, आणि झोपू देऊ नका, बोलत ठेवा.”

टेम्पोत झोपवायला जागा कुठे होती? नवरदेव-नवरीचा लाल मखमली सोफा होता. त्यावर तुम्हाला टेकवलं, डोक्याला फेटा बांधला, लग्नाची बुंदी भरवली. घरडा सर्कलला एक रिक्षावाला वाकून बघतो आणि विचारतो, “काका, या वयात?” तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “पहिलीच टिकलीय अजून.” तेव्हाच मी ओळखलं, माणूस वाचणार.

बोलत ठेवा म्हणजे बोलणार काय? मला क्रिकेटमधलं कळत नाही, राजकारणावर बोललो तर पेशंटचं बीपी वाढतं. म्हणून आमच्या घरचंच लावलं. माझी बहीण कमळा, तिची मुलगी दर्शना. दर्शनाला तुमच्याच बाजूचं स्थळ आलंय. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, फोनवर बोलणं चालू आहे. आता सगळं अडलंय मुलाकडच्या चौकशीवर. त्यांच्यात म्हणे एक काका आहे, तो गुपचूप येऊन गल्लीत चौकशी करतो. त्याने मान हलवली तर लग्न, नाही हलवली तर संपलं. चार-पाच स्थळं त्याने अशीच घालवलीत.

म्हणून कमळाने काय करावं? वाणी, इस्त्रीवाला, भाजीवाली, केमिस्ट, सगळ्यांना पढवून ठेवलं. कोणी विचारलं तर एकच बोलायचं: “पोरगी म्हंजे गाय हो, गाय.” बघण्याच्या दिवशीचे पोहे नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणलेले. दर्शनाने वरून कोथिंबीर टाकली, ती पण जास्त झाली. हे तुम्हाला त्रयस्थ म्हणून सांगतो. माझा जीव त्या पोरीत आहे. तिने मुलगा मनात धरलाय. हे मोडलं तर ती रडणार नाही, मुकाट कामाला लागेल, आणि मला तेच बघवणार नाही.

मुलाचं नाव प्रितम तरे, अटाळीचाच. तुमचंही आडनाव तरे. पण अटाळीत दगड भिरकावला तर तो तऱ्यांनाच लागतो, म्हणून मी मनात काही आणलं नाही. ओळखत असाल तर कसा आहे ते लिहा.

आणखी एक काम. आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरबद्दल तुमचं मत स्पष्ट कळवा. गाडी कशी चालवली, वागणूक कशी वाटली, ठेवण्यासारखं माणूस आहे का. मागे बसलेल्या पेशंटएवढी खरी परीक्षा कोणी घेत नाही.

बुंदी उरलीय, पण तुम्हाला पाठवत नाही.
नाथा केणे


अटाळी
१३ मे २०२५

नाथाशेठ,

पत्राने फार बरं वाटलं. स्मरणशक्ती झपाट्याने सुधारते आहे.

प्रितमला मी दुरून ओळखतो. मुलगा निर्व्यसनी, नोकरी चांगली, आईच्या शब्दाबाहेर नाही. घरची नवी गाडी आहे, दर रविवारी स्वतः फिरवतो. त्या काकाबद्दलही ऐकून आहे. त्याच्याविषयी लोकांचे गैरसमज फार. तो स्थळं मोडत नाही, जे दिसलं ते घरी सांगतो, एवढंच. घरच्यांचा त्याच्यावर विश्वास आहे, कारण त्याने चौकशीत आजवर एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. प्रितमच्या आईने, रमावहिनींनी, नवऱ्यामागे एकटीने मुलगा वाढवला. त्यांना खरं सांगणारं एक तरी माणूस हवं की नको? हे सगळं ऐकीव.

तुमच्या भगिनींच्या व्यवस्थेविषयी एक सुचवतो. उत्तरं थोडी वेगवेगळी द्यायला सांगा. एखादा माणूस चौकशीला आला, त्याने प्रत्येक दुकानात बसायला निमित्त म्हणून बिनसाखरेचा चहा घेतला, आणि प्रत्येक दुकानात त्याला गायच ऐकू आली, तर त्याला डोंबिवलीत नाही, गोठ्यात आल्यासारखं वाटेल. हे मी अंदाजाने म्हणतो.

सहज विचारतो, मुलीचा स्वभाव नेमका कसा? राग आला तर काय करते? पोह्यांशिवाय दुसरं काही येतं का? तुम्ही मोकळ्या मनाचे आहात म्हणून विचारलं.

आता तुमचा ड्रायव्हर. माझ्या डोळ्यावर रक्त आलेलं, त्याच्या तोंडाला फडकं, डोक्यावर टोपी, त्यामुळे चेहरा पाहिला नाही. आवाज अजून फुटायचा दिसतो. पण नाथाशेठ, हे पोरगं हिरा आहे. घरडा सर्कलच्या गर्दीतून सुईत दोरा घालावा तशी गाडी काढली. एवढं मोठं धूड, पण मला एक हिसका बसला नाही. मध्येच मागे वळून म्हणालं, “काका, डोळे मिटायचे नाहीत हां! मिटलात तर मामा अजून जोरात बोलेल.” तुम्हाला मामा म्हणतं, म्हणजे घरच्यासारखं ठेवलेलं दिसतंय. जीभ मात्र आवरायला सांगा. आडव्या आलेल्या बसवाल्याला जी शिवी दिली ती मी खात्यातल्या संपातही ऐकली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, ती शिवी ऐकून मला हुशारी आली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर यायला उशीर होत होता, तर तिथल्या वॉर्डबॉयला म्हणालं, “तुझा बाप असता तर एवढा वेळ लावला असतास?” स्ट्रेचर आलं.

संकटात हात-पाय न गाळणारी माणसं आजकाल कुठे मिळतात? असं पोर आमच्या घरात असतं तर मी त्याला कुठे जाऊ दिलं नसतं. त्याच्यासाठी एक शर्टपीस पाठवतो आहे. त्याला माझे आशीर्वाद सांगा आणि कामावरून काढायचा विचार मनातही आणू नका.

तुमचा,
तानाजी तरे

ता.क. कलावती अजून माझ्याकडे बघते आहे.


डोंबिवली
१७ मे २०२५

तानाजीराव,

शर्टपीस मिळालं. रंग झकास. ड्रायव्हरने त्याचा कुर्ता शिवायला टाकलाय, गळ्याला आरसे लावून.

बसला आहात ना? बसा. जवळ बिस्किट ठेवा.

ज्या पोराला तुम्ही घरातून कुठे जाऊ देणार नाही म्हणता, ते म्हणजे माझी भाची दर्शना. माझा नेहमीचा ड्रायव्हर गावच्या जत्रेला गेलेला. आणि ज्या प्रितमला तुम्ही दुरून ओळखता तो तुमच्या सख्ख्या भावाचा मुलगा, तुमच्याच ओटीवर बसून जेवतो. त्या गैरसमजवाल्या काकाला माझा नमस्कार सांगा.

मला कधी कळलं? पत्रावरून नाही. बुंदीचा दुसरा घास पोटात गेला आणि तुम्ही पहिलं वाक्य बोललात, “रमावहिनीला सांगू नका, चौकशी अर्धी राहिली.” मंडपात एका बाजूला सनई, एका बाजूला डीजे आणि मध्ये रुसलेला जावई, त्यात कोण काय पुटपुटतोय ते ऐकून मी धंदा उभा केलाय. तुमचं तर स्वच्छ ऐकू आलं. पुढे तुम्ही हेही म्हणालात की, “येत्या रविवारी प्रितमची गाडी कोण फिरवणार?” म्हणजे दर रविवारी काचा वर करून गाडी तुम्ही चालवता, प्रितम शेजारी बसतो, आणि अटाळीला वाटतं पोरगा चालवतोय. आमच्या कमळाने पोहे विकत आणले, तुम्ही ड्रायव्हर. फिट्टंफाट.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही कोण ते कळल्यावर मी गप्प का नाही बसलो. पोह्यांचं सांगून झालं होतं, पण गाईचं राहिलं होतं, दर्शनाचं राहिलं होतं. गप्प बसायचा विचार आला, खोटं कशाला बोलू. पण मी थांबलो की तुमची मान खाली जायची. केमिस्टने बजावलेलं. मग म्हटलं, लग्न मोडलं तर दुसरं बघू, माणूस गेला तर कुठून आणायचा? बोलत राहिलो. त्या सोफ्यावर तुमची चौकशी मी पूर्ण करून दिली, तुम्हाला जागं ठेवायला.

पण आता तुमचं पत्र माझ्या गल्ल्यात आहे. “असं पोर आमच्या घरात असतं तर मी त्याला कुठे जाऊ दिलं नसतं.” तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनिशी. चौकशीत एक शब्द इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसाने लिहिलेलं. ते फ्रेम करून दुकानात लावू की रमावहिनींना पाठवू, तुम्हीच सांगा.

तुमचा काउंटरवरचा व्याही,
नाथा


डोंबिवली
२४ मे २०२५

तानाजीकाका,

मी दर्शना. आठवडा झाला, तुमचं उत्तर नाही. मामा रोज पोस्टमनला चहा पाजतोय.

त्याने मला तुमची पत्रं वाचून दाखवली, स्वतः काय काय लिहिलं तेही सांगितलं आणि स्वतःच इतका हसला की ठसका लागला. मला मात्र खूप राग आला. त्याने तुम्हाला ट्रॅप केलं. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. तुमचं ते पत्र मी त्याच्या गल्ल्यातून काढून यासोबत परत पाठवतेय. आता तुमच्यावर कसलाच दबाव नाही. फ्रेम-बिम काही होणार नाही.

घरी जे काय सांगायचं ते खरं सांगा. मी गाय नाही. माझे पोहे एकतर कच्चे राहतात नाहीतर त्यांचा गोळा होतो. मी शिव्या देते, पण फक्त रस्त्यावर, आणि गिझर बंद पडला तर. हे सगळं मी प्रितमला पहिल्याच आठवड्यात सांगितलंय. त्यानेपण मला सांगितलं की क्लच आणि ब्रेक दोन्ही समोर दिसले की त्याच्या पायाला घाम येतो. आमचं ठरलंय, गाडी मी चालवणार, पोहे तो करणार. त्याला मस्त जमतात म्हणे. म्हणजे लपवालपवी आमची नाहीच आहे. तुम्हा मोठ्यांची आहे.

अजून एक. मामा तुमचे सगळे आभार एकटाच खिशात घालतोय. गर्दी दिसली तेव्हा तो मला म्हणाला, “बायो, थांबू नको, हळदीचा मंडप टांगायचा हाय, लोकं हायत तिथं बघायला.” लोकं होतीच. बघायलाच होती. ब्रेक मी मारला. मोठेपणा म्हणून नाही सांगत. मीपण गेले असते पुढे. पण तो माणूस तुमची चप्पल तुमच्याच नाकाला लावतोय हे बघून मला आधी हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली. मग पुढे जाताच येईना.

तुम्ही नाही म्हणालात तर प्रितम आईला दुखवणार नाही, हे मला माहीत आहे आणि तसं त्याने करूपण नये. म्हणून सगळं तुमच्यावर आहे. मला तो खूप आवडतो. एवढं सरळ मी त्यालापण अजून बोललेले नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. हे चौकशीत धरू नका प्लीज.

डोकं कसं आहे? टाके निघाले का?

दर्शना


अटाळी
२ जून २०२५

नाथाशेठ,

हे पत्र दर्शनालाही वाचायला द्या. किंबहुना तिलाच आधी द्या, तुम्ही मागून ऐका.

तुमच्यावर मी रागावलो होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची चौकशी केली, आणि माझीच चौकशी एका मंडपवाल्याने सोफ्यावर बसवून केली, हे पचायला जड गेलं. उत्तर लिहायचंच नाही, आणि घरी जाऊन दोन शब्दांत “नको” सांगायचं, असं ठरवून बसलो होतो. मग पोरीचं पत्र आलं. त्यातून माझं पत्र बाहेर पडलं. आमच्या खात्यात वाटेतून पत्र परत मागवायची सोय होती, पण परत मागितलेलं नसताना कोणी धाडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

काल रविवारी घरात बैठक झाली. रमावहिनी झोपाळ्यावर सुपारी कातरत होत्या. कलावती होती. प्रितम भिंतीला टेकून, हाताची बोटं मोडत. वहिनी म्हणाल्या, “बोला भावजी. पोरगी कशी हाय?”

मी कधी फिरवून बोललो नाही, कालही नाही. म्हणालो, “पोहे येत नाहीत. बघण्याच्या दिवशीचे विकतचे होते. गल्लीतल्या लोकांना पढवून ठेवलं होतं. पोरगी टेम्पो चालवते. भर रस्त्यात शिव्या देते. मी स्वतः ऐकल्यात.”

वहिनींचा अडकित्ता थांबला. “म्हंजे नाय बोलताव.”

प्रितमने मान खाली घातली. मी म्हणालो, “माझं संपलं नाही, वहिनी.”

आणि मग त्या दिवशीचं सगळं सांगितलं. कुठे पडलो, का गेलो होतो, भोवती कोण काय करत होतं, टेम्पो कोणी थांबवला, मामा पुढे चल म्हणत असताना कोणी थांबवला. स्ट्रेचरचं सांगितलं. शेवटी म्हणालो, “चौकशीला मी मुलीच्या दारात गेलो होतो. चौकशी तिने माझी केली. मला ती पसंत आहे. मी तिला पसंत आहे का, ते माहीत नाही.”

कलावती एकदम उठून उभी राहिली. “तवा तुमी ऊन लागून नाय पडलात? उपाशीपोटी लोकांच्या दारात चा पीत हिंडत होतात? आन मी मेली म्हयनाभर विचार करतंय, ही व्याह्याची भानगड कंची!” मला वाटलं आता दुसऱ्यांदा पडतो.

वहिनींनी तिला हाताने बसवलं. मग सुपारी तोंडात टाकून म्हणाल्या, “मना गाय नकोच. एक हाय घरात.”

आणि सगळ्यांनी प्रितमकडे बघितलं. तोही हसायला लागला, नाथाशेठ. कान लाल झाले होते, पण हसत होता. वहिनी पुढे म्हणाल्या, “मी एकटी सारा बघत आले. उद्या मी पडले त कोन थांबल, याचाच घोर होता मना. जा, त्यांना सांगा, आमची पसंती हाय.” मग प्रितमला, “आन तू रं, पोहे करतोस ना? मना कवा केलंस नाय?”

सांगा तुमच्या भाचीला. मी तिचं ते शेवटचं वाक्य चौकशीत धरलेलं नाही. प्रितमलाही सांगितलेलं नाही. तिचं तिने सांगावं.

तानाजी तरे


डोंबिवली
६ जून २०२५

तानाजीराव,

पत्र आधी दर्शनालाच दिलं. तिने एकदा वाचलं, घडी घातली, मला म्हणाली, “मामा, चावी दे,” आणि टेम्पो घेऊन गेली. कुठे गेली, का गेली, माहीत नाही. तासाभराने परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात सगळ्यांसाठी कुल्फी. कमळा देवापुढे साखर ठेवून रडत होती. तिला रडताना बघून इस्त्रीवाला घाबरून आत आला आणि सवयीने म्हणाला, “पोरगी म्हंजे गाय हो ताई.” त्याला आता गप्प कसं करायचं ते कळत नाही. सगळ्या गल्लीची जीभ त्याच वळणावर बसलीय.

माझं भांडं भाचीने फोडलंच आहे, तर मी झाकत नाही. गाडी तिने थांबवली. मी उतरलो ते ती आधी उतरली म्हणून. पोरीच्या मागे मागे गेलो आणि पुढे उभा राहिल्यासारखा दिसलो, एवढंच.

आता तुमच्यासाठी बातमी. रडून झाल्यावर कमळाने डोळे पुसले आणि म्हणाली, “त्यांची चौकशी झाली. आता आपली. मुलाकडचं काहीच न बघता पोरगी देऊ का मी?” मी म्हटलं, “अगं, सगळं कळलंय.” म्हणते, “तुला कळलंय ते बेशुद्ध माणसाकडून. ती काय चौकशी झाली?” दाजीने नेहमीप्रमाणे पेपर वर केला. तेव्हा मुलाची रीतसर चौकशी करायला १५ तारखेच्या रविवारी मी अटाळीला येतोय.

पण दुकानादुकानात चहा पीत फिरणं मला जमणार नाही. तुमच्या वहिनींनी कमळासारखंच गावाला पढवून ठेवलेलं असणार. म्हणून मी तुमचीच पद्धत घ्यायचं ठरवलंय. रिक्षातून उतरेन, नाक्यावर उन्हात थोडा उभा राहीन आणि सरळ पडेन. मग पडल्या पडल्या एका डोळ्याने बघेन, कोण थांबतंय, कोण मोबाइल काढतंय आणि चप्पल कोण आणतंय. त्यातच गावाचं, घराचं आणि जावयाचं सगळं कळतं. प्रितमला यातलं काही सांगू नका, नाहीतर परीक्षेचा पेपर फुटेल.

येतो रविवारी.
नाथा


अटाळी
१० जून २०२५

नाथाशेठ,

जरूर या. पण पडताना डाव्या बाजूला पडा. उजवीकडचं गटार महिन्यापासून उघडं आहे.

प्रितमला मी काही सांगितलेलं नाही. मी स्वतः वडाच्या मागे उभा राहून बघणार आहे. गावात नव्या माणसाला पडलेलं बघून धावतील की नाही याचा मलाही भरवसा देता येत नाही, आणि तुमच्यामुळे ते एकदाचं कळेल.

कलावतीला मात्र सांगावं लागलं, तिच्यापासून आता काही लपवायचं नाही असं कबूल करून बसलोय. तिने तुम्हाला निरोप दिलाय. ती म्हणते, “रविवारी मटन करतंय. त्यांना सांगा, पडायचा त जेवल्यावर पडा.”

तानाजी